‘पड’, ‘जंगल’ आणि ‘परिसंस्था’ : मुळशी खोऱ्याच्या आधारे एक अर्थविचार

पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा एखादा डोंगरउतार विचारासाठी घ्यावा. वरच्या अंगाला कारवीचे दाट रान, मधल्या पट्ट्यात गवत व विरळ ऐन-हिरडा, आणि खाली ओढ्याच्या आश्रयाने देवाच्या नावाने राखलेली गर्द राई, असे त्याचे स्वरूप असते. मधल्या पट्ट्यास गावचा शेतकरी ‘पड’ म्हणतो. महसुली दप्तरात त्याच पट्ट्याची नोंद ‘वरकस’ किंवा ‘पोटखराब’ अशी सापडते. वनशास्त्राच्या परंपरागत वर्गवारीत तो ‘अवनत वन’ ठरतो, आणि आजचा अभ्यासक त्यास ‘परिसंस्था’ म्हणतो. जमीन एकच असून तिची नावे मात्र चार आहेत, आणि प्रत्येक नावाबरोबर त्या जमिनीचे काय करावे ह्याविषयीचा एक निर्णयही गृहीत धरलेला आहे.

शास्त्रीय संकल्पना कालांतराने कशा बदलतात ह्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः असे दिले जाते की, जुनी संकल्पना चुकीची ठरते आणि तिची जागा अधिक अचूक अशी नवी संकल्पना घेते. परिस्थितिविज्ञानाच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. ह्या शास्त्रात बहुधा बदलतो तो भूमीला विचारला जाणारा प्रश्न. प्रश्न बदलल्यावरही जुना शब्द मागे उरतो आणि जुन्या प्रश्नाचे उत्तर नव्या निर्णयात शिरकाव करून घेतो. अर्थविचार हा भाषाशास्त्राचा विषय असल्यामुळे प्रस्तुत लेखकाने वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रात हा प्रवेश केला आहे; तो मर्यादित हेतूने आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

१

प्रथम ‘जंगल’ ह्या शब्दाचा विचार करू. आज मराठीत ‘जंगल’ म्हटले की दाट झाडी, ओलावा व अंधार ह्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. संस्कृतातील ‘जांगल’ शब्दाचा अर्थ जवळजवळ ह्याच्या उलट आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी जांगल देश म्हणजे मोकळ्या आकाशाचा, कोरड्या वाऱ्याचा, खैर, बोर, शमी अशा वृक्षांचा प्रदेश. पाणथळ व दाट झाडीचा देश तो आनूप. ‘कुरुजांगल’ ह्या प्रदेशनामातही हाच कोरडा, मोकळा मुलूख अभिप्रेत आहे. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन ह्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या विरोधाची सविस्तर चर्चा केली आहे.

कोरड्या, विरळ झाडीच्या भूमीचे नाव दाट अरण्याला कसे मिळाले? वैद्याच्या दृष्टीने देशाचे वर्गीकरण म्हणजे तेथील पाणी, मांस व औषधी ह्यांच्या गुणांचे वर्गीकरण होते. पुढे फारसी-हिंदुस्थानी कारभाराच्या भाषेत ‘जंगल’ हे लागवडीखाली नसलेल्या भूमीचे नाव झाले. वैद्याचा प्रश्न ‘येथील गुण कोणता?’ असा होता, तर कारकुनाचा प्रश्न ‘येथे पीक आहे की नाही?’ असा होता. पीक नसलेली जमीन कोरडी असो की ओली, ती ‘जंगल’च ठरली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत गेला आणि तेथे उष्ण प्रदेशातील गच्च अरण्याची छटा त्यावर चढली. तीच छटा घेऊन आज तो आपल्याकडे वावरत आहे. ह्या क्रमात जुना अर्थ कोणी खोटा ठरवलेला नाही. विचारणारा बदलला, इतकेच.

मराठीचा घरचा शब्द मात्र ‘रान’ हा आहे. ‘अरण्य’ शब्दातील आद्य ‘अ’ प्राकृतात लुप्त होऊन ‘रण्ण’ आणि त्यापासून ‘रान’ सिद्ध झाला. ह्या शब्दाचा अर्थविस्तार लक्षणीय आहे. ‘रानडुक्कर’ ह्यात रान म्हणजे अरण्य. पण ‘बाबा रानात गेलेत’ ह्या वाक्यात रान म्हणजे शेत, आणि ‘रान तयार करणे’ म्हणजे पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करणे. वन आणि शेत ह्यांमध्ये ज्या भाषेने एकाच शब्दाने ये-जा ठेवली, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांना ह्या दोहोंमधील सीमा पक्की वाटत नसावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. मुळशीच्या भूमिव्यवहारात ह्या अनुमानास भक्कम आधार मिळतो.

२

मुळशीसारख्या मावळ भागात भातखाचर हे शेतीचे केंद्र. परंतु खाचर एकटे उभे राहू शकत नसे. रोपे तयार करण्यासाठी डोंगरउतारावरील ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून, त्यांवर गवत, पालापाचोळा व शेण ह्यांचे थर देऊन ती जागा भाजून घ्यावी लागे. हाच ‘राब’. उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई ही पिके दोन-तीन वर्षे घ्यावयाची आणि मग ती जमीन कित्येक वर्षे पड ठेवावयाची, असा परिपाठ होता. ‘पड’ हा शब्द ‘पडणे’ ह्या धातूपासून आलेला आहे. जमीन ‘पड टाकली’ म्हणजे तिला विसावा दिला. ह्या अर्थात काळ अंतर्भूत आहे, कारण आजची पड ही कालचे शेत व उद्याचे शेत असते. दरम्यान तेथे गवत वाढते, मग झुडपे येतात, मग राबासाठी तोडण्याजोगी झाडे उभी राहतात. वनस्पतींच्या ह्या क्रमाला पुढे शास्त्राने ‘अनुक्रमण’ असे नाव दिले. वरकस धारण करणाऱ्या कुणब्यास हा क्रम नित्याच्या अनुभवाने ठाऊक होता, कारण त्याच्या पिकांचे वेळापत्रकच त्यावर बसवलेले होते.

एकोणिसाव्या शतकात ह्या शब्दव्यवस्थेवर दोन नव्या वर्गवाऱ्या येऊन बसल्या. पहिली महसुलाची. विंगेट व गोल्डस्मिड ह्यांनी १८३६ च्या सुमारास ह्याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर भागात मोजणी व प्रतबंदीची जी पद्धत बसवली आणि जिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाली, तिच्यात जमिनीचा प्रश्न ‘हिची प्रत काय आणि आकार किती?’ असा होता. जेथे आकार बसत नाही ती जमीन ‘खराब’. येथे काळाचे परिमाण गळून पडले. विसाव्यास ठेवलेल्या जमिनीचे ‘पड’पण ही जणू तिची कायमची जात झाली.

दुसरी वर्गवारी वनांची. १८७८ च्या वनकायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवन असे भेद केले. ‘राखीव’ हा शब्द येथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ‘राखणे’ हे क्रियापद मराठीत गुरे राखणे, शेत राखणे, वचन राखणे असे चालते, आणि देवराईतील देवतेस ‘राखणदार’ म्हणतात. ह्या सर्व प्रयोगांत राखणारा व राखलेले ह्यांचा परस्परसंबंध आहे. ‘राखीव वन’ ह्या प्रयोगात मात्र राखणे म्हणजे इतरांस मज्जाव करणे. राबासाठी फांद्या छाटणे हा वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने वृक्षांचा नाश होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो भाताचा आरंभ होता. हा वाद इतका विकोपास गेला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न हा एक मुख्य प्रश्न होता. दोन्ही पक्ष एकाच झाडाकडे पाहत होते. एकास त्यात लाकूड दिसत होते, दुसऱ्यास राख.

३

ह्याच काळात युरोपात एक नवे शास्त्र नाव धारण करीत होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल ह्यांनी १८६६ मध्ये ‘घर’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘इकॉलॉजी’ ही संज्ञा बनवली. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स ह्यांनी वनस्पति-अनुक्रमणाची पद्धतशीर उपपत्ती मांडली. तिचा आशय असा की, प्रत्येक प्रदेशाच्या हवामानास अनुरूप अशी एक अंतिम वनस्पतिरचना असते, तिला ‘चरमावस्था’ म्हणावे. नांगर, आग वा कुऱ्हाड ह्यांनी ती मोडली तरी भूमी पायरीपायरीने तिच्याकडेच परत जाते. वनस्पतिसमुदाय हा एखाद्या जीवासारखा जन्मतो, वाढतो व प्रौढ होतो, हे क्लेमेंट्स ह्यांचे आवडते रूपक होते. हेन्री ग्लीसन ह्यांनी १९२६ मध्ये ह्यास हरकत घेऊन सांगितले की, प्रत्येक वनस्पतिजाती आपापल्या मार्गाने पसरते आणि समुदाय हा त्यांचा केवळ योगायोगाने जमलेला मेळ आहे. परंतु त्यांच्या म्हणण्याकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले.

१९३५ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली ह्यांनी वनस्पतिविषयक संज्ञांच्या वापर-गैरवापरावर एक निबंध लिहिला. शब्दांच्या चिकित्सेसाठी लिहिलेल्या ह्या निबंधातूनच ह्या शास्त्राचा सर्वांत प्रभावी शब्द पुढे आला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. ‘समुदाय म्हणजे जीव’ ह्या रूपकाला पर्याय म्हणून टॅन्स्ली ह्यांनी ‘इकोसिस्टिम’ हा शब्द वापरला. तो त्यांना तरुण सहकारी आर्थर क्लॅफम ह्यांनी सुचवला होता. सजीव आणि त्यांचे निर्जीव परिसर मिळून एक व्यवस्था होते, आणि मानवाचे व्यवहारही तिच्या बाहेरचे नव्हेत, असा त्याचा आशय. मराठीत ह्यास ‘परिसंस्था’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे.

परंतु नवा शब्द आला म्हणून जुना शब्द गेला नाही. हिंदुस्थानातील वनांचे प्रकार चॅम्पियन ह्यांनी १९३६ मध्ये निश्चित केले. चॅम्पियन व सेठ ह्यांनी १९६८ मध्ये ह्या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती सिद्ध केली आणि आपल्या वनव्यवस्थापनाचा पाया दीर्घकाळ तीच राहिली. तिच्यात प्रत्येक हवामानास एक मुख्य वन असून कोरडी गवताळ भूमी ही त्या वनाची ‘अवनत अवस्था’ म्हणून नोंदलेली आहे. महसुली ‘खराब’ आणि वनशास्त्रीय ‘अवनत’ हे दोन शब्द भिन्न कुळांतले असूनही एकाच जमिनीवर येऊन मिळाले. मुळशीच्या कुणब्याने ‘पड’ ह्या शब्दात विसावा पाहिला होता. ह्या दोन शब्दांनी त्याच ठिकाणी अनुक्रमे नालायकी आणि अधःपात पाहिला.

४

संकल्पनेअभावी काय हरवते ह्याचे उदाहरण ह्याच खोऱ्याच्या इतिहासात आहे. मुळा व नीला ह्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज योजनेचे धरण बांधण्यास आरंभ झाल्यावर १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट हे ‘सेनापती’ झाले ते ह्याच लढ्यात. १९२४ पर्यंत तो लढा मावळला, खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली आणि ते पाणी कोकणच्या अंगाला भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. त्या वेळच्या भूसंपादनाच्या कायद्यात जमीन म्हणजे क्षेत्र आणि किंमत. खाचर बुडाले की वरच्या उताराच्या राबाला अर्थ उरत नाही, राब नाही तर पडीचे चक्र थांबते, गुरांचा चारा व शेणखत ह्यांची साखळी तुटते, हा संबंध कोणत्याही दप्तरात मांडण्याची सोय नव्हती. शेतकऱ्यांना तो आचरणाने माहीत होता. शास्त्राजवळ तो व्यक्त करणारा शब्द १९२१ मध्ये नव्हता. तो चौदा वर्षांनी आला. शब्द असता तर धरण टळले असते, असे म्हणण्याचा हेतू नाही. मात्र नुकसानीचा हिशेब वेगळा मांडावा लागला असता, एवढे निश्चित.

आता शंभर वर्षांनंतर तो जलाशय पक्ष्यांचे आश्रयस्थान आणि निसर्गसौंदर्याचे स्थळ म्हणून ओळखला जातो, आणि त्यासही ‘परिसंस्था’ म्हणतात. शास्त्रदृष्ट्या हे बरोबरच आहे. पण हा शब्द वर्तमानातील संबंध दाखवतो. ते संबंध कोणत्या संबंधांच्या जागी आले हे तो आपणहून सांगत नाही. ते इतिहासाने सांगावे लागते.

५

देवराईच्या बाबतीत संकल्पनांचा हा क्रम अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळतो. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात पुण्याच्या आसपासच्या मातृदेवतांची स्थाने हिंडून तपासली आणि अशा राखलेल्या रायांचा संबंध शेतीपूर्व समाजाशी जोडला. सत्तरीच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनी पश्चिम घाटातील देवराया व देवरहाट्या ह्यांची वनस्पतिशास्त्रीय पाहणी केली. १९७६ मधील त्यांचा निबंध ह्या विषयात मूलभूत मानला जातो. त्या काळाच्या लेखनात देवराई म्हणजे मूळच्या चरम वनाचा ‘अवशेष’ ही मांडणी सर्रास आढळते. ‘अवशेष’ ह्या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की, एकेकाळी सर्व उतारावर हेच अचल वन होते आणि त्याचा एक तुकडा तेवढा उरला. पुढे ‘जैवविविधता’ हा शब्द आला. १९८६ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेनंतर तो जगभर पसरला, १९९२ च्या आंतरराष्ट्रीय कराराने आणि २००२ च्या भारतीय कायद्याने त्यास अधिकृत रूप दिले. आता देवराई ही ‘जैवविविधतेचे भांडार’ झाली. श्रद्धास्थान, अवशेष आणि भांडार ही तीन नावे म्हणजे तीन प्रश्न आहेत : ही कोणाची? ही कशाची उरलेली? हीत किती जाती आहेत?

ह्यांपैकी कोणतेही नाव खोटे नाही. परंतु सोबतचा उतार हा देवराईपासून तुटलेला आहे, हे गृहीतक तिन्ही नावांत समान आहे. अंजनी, जांभूळ व पिसा ह्यांचे जे सदाहरित वन सह्याद्रीच्या उत्तर भागाचे वैशिष्ट्य मानतात, ते गावकऱ्यांनी राईत राखले आणि उतारावर राब-वरकसाचे चक्र चालवले, ही एकाच ग्रामव्यवस्थेची दोन अंगे होती. एक अंग ‘पवित्र’ व दुसरे ‘अवनत’ असे म्हणणे ही आपली वर्गवारी आहे, त्यांची नव्हे.

६

मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडे पाहिले असता हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. ताम्हिणीच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-एक किलोमीटरांवर पुणे शहरात तो सातशेच्या आसपास येतो. इतक्या थोड्या अंतरात ओल्या वनापासून कुसळी-मारवेलच्या माळापर्यंतचा सर्व पट पसरलेला आहे. ह्या माळांना आपण ‘पडीक’ म्हणत आलो. १९८५ मध्ये केंद्र सरकारने पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापले, तेव्हा ‘पडीक’ म्हणजे सुधारावयाची, म्हणजेच झाडे लावावयाची भूमी, हा अर्थ पक्का झाला. पुणे परिसरातील कित्येक टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्पाची लागवड झाली ती ह्याच समजुतीने.

गेल्या दोन दशकांत ह्या समजुतीची फेरतपासणी सुरू झाली आहे. जयश्री रत्नम, महेश शंकरन आदी अभ्यासकांनी २०११ पासून असे प्रतिपादन केले की, आशियातील पुष्कळशी ‘विरळ वने’ वस्तुतः सवाना, म्हणजे झाडे व गवत ह्यांच्या सहवासाची प्राचीन भूमी आहेत. त्यांना मोडलेले वन समजणे चूक आहे. २०२५ मध्ये दिग्विजय पाटील व आशिष नेर्लेकर ह्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून असा निष्कर्ष काढला की, तेथील माळराने शतकानुशतके माळरानेच आहेत. वनस्पतिशास्त्राचा निर्णय करण्यासाठी मराठी ग्रंथांची साक्ष काढली जावी, ही आपल्या विभागांना आनंदाची, आणि थोडी जबाबदारीचीही, बाब आहे. ह्या संशोधनानंतर चरकाच्या ‘जांगल’ शब्दाकडे पुन्हा पाहावे. वैद्याने त्या मोकळ्या भूमीस एक स्वतंत्र, गुणवान देश मानले होते. ती कोणा वनाची मोडतोड आहे असे त्यास वाटले नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नवा सिद्धांत हाती आला म्हणून ताम्हिणीच्या उतारासही ‘प्राचीन सवाना’ म्हणणे हे जुन्याच चुकीचे नवे रूप होईल. त्या पावसात पडीवर वन परत येऊ शकते. पूर्वेकडील माळावर त्याची वाट पाहणे व्यर्थ. एका तालुक्यास एक शब्द पुरत नाही, हाच मुळशीचा धडा आहे.

७

अखेरीस आपल्या परिभाषेविषयी. मराठी विश्वकोशाने ह्या शास्त्रास ‘परिस्थितिविज्ञान’ म्हटले. व्युत्पत्तीने हा शब्द निर्दोष आहे. परंतु बोलीत ‘घरची परिस्थिती’ म्हणजे घरची आर्थिक अवस्था, आणि त्यामुळे हा शब्द कोशाबाहेर फारसा रुळला नाही. लोकांत रुळला तो ‘पर्यावरण’. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर त्याचा प्रसार वाढत गेला. ‘आवरण’ म्हटले की मध्ये कोणीतरी वेढलेला असतो, आणि तो म्हणजे माणूस. हेकेल ह्यांच्या मूळ शब्दात माणूस घरात राहणारा होता. आपल्या शब्दाने घराचे आवरण झाले. प्रतिशब्द निवडताना आपण केवळ शब्द निवडत नाही, माणसाची जागाही ठरवतो.

तात्पर्य असे की, परिस्थितिविज्ञानातील संकल्पनांचा इतिहास हा केवळ चुका दुरुस्त होत जाण्याचा इतिहास नव्हे. वैद्य, कारकून, वनाधिकारी व शास्त्रज्ञ ह्यांनी एकाच उताराला वेगवेगळे प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचा शब्द पुढच्याच्या दप्तरात शिल्लक राहिला. म्हणून ‘पड’, ‘वरकस’, ‘राब’, ‘राई’, ‘माळ’, ‘कुरण’ हे शब्द बोलीतून नाहीसे होण्यापूर्वी त्यांच्या वापराच्या संदर्भासह, कोणत्या पिकानंतर, किती वर्षांसाठी, कोणाच्या हक्काने, ह्या तपशिलासह नोंदवणे हे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम आहे. राब भाजलेली आणि वरकस कसलेली पिढी मुळशीत आता वृद्ध झाली आहे. तिच्याजवळचा ‘पड’ शब्दाचा अर्थ कोणत्याही सातबाऱ्यावर लिहिलेला नाही, आणि तिच्या मागे तो विचारण्यास कोणी उरणार नाही.